बत्तीस गोळ्यांचा हिशेब

पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये, हात मात्र रिकामे. मातीच्या तीन उंच बांधांमध्ये लाकडी चौकटी उभ्या करून खोट्या भिंती, दारं, खिडक्या केल्यायत आणि त्यांतून आठ-दहा माणसं फिरतायत. प्रत्येकाचं बोट पुढे रोखलेलं, ओठ हलतायत. खिडकीशी थांबायचं, तपकिरी पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवरून बोट फिरवायचं, डावा हात पट्ट्याकडे नेऊन परत वर आणायचा आणि तेवढ्यात चार पावलं पुढे निघायचं. तिऱ्हाइताला वाटावं, मूकनाट्याची तालीम चाललीय. पण ओठांवर संवाद नाहीत, आकडे आहेत. इथे सहा, तिथे आठ, मग मॅगझिन बदल, पुन्हा सहा. अमेरिकेतल्या प्रॅक्टिकल पिस्तूल स्पर्धेत प्रत्येक स्टेजआधी, म्हणजे लक्ष्यांच्या प्रत्येक मांडणीआधी, अशी काही मिनिटं मिळतात. माझ्या मते अर्धा निकाल तिथेच लागतो.

आपल्याकडे पिस्तूल नेमबाजी म्हटलं की कोल्हापूरची राही सरनोबत आठवते, २०१८च्या आशियाई स्पर्धेतलं तिचं २५ मीटरचं सुवर्ण आठवतं. त्या खेळात एका जागी उभं राहायचं आणि मॅगझिनमध्ये पाच गोळ्या भरायच्या. किती भरायच्या, कुठे बदलायच्या हा प्रश्नच नसतो. प्रॅक्टिकल शूटिंगची घडण वेगळी. १९७६मध्ये अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी जगभरचे नेमबाज जमले आणि तिथे आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष. अचूकपणा, ताकद आणि वेग हे तिन्ही एकाच तराजूत तोलायचे, ही त्यांची धारणा. आयपीएससीचीच अमेरिकी शाखा म्हणजे १९८४पासूनची यूएसपीएसए. या खेळात किमान ९ मिलिमीटरचं काडतूस लागतं आणि भारतात ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. त्यामुळे मराठी माणसाची आणि या खेळाची गाठ बहुधा परदेशी गेल्यावरच पडते. तिथे गेलेला नवखा पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला: पिस्तूल कुठलं घेऊ? मला हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. पहिला प्रश्न, एका मॅगझिनमध्ये किती गोळ्या घेऊन खेळायचं आहे.

हे पटायला आधी गुण कसे मोजतात ते पाहावं लागेल. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर मधला भाग ‘ए’, त्याच्याभोवती ‘सी’, कडेला ‘डी’. ‘ए’ला ५ गुण सगळ्यांनाच. पुढचे गुण काडतुसाच्या जोरावर ठरतात. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांमधला वेग, भागिले हजार, हा झाला पॉवर फॅक्टर. १४७ ग्रेनची गोळी ९०० फुटांच्या वेगाने सुटली तर तो १३२ येतो. यूएसपीएसएत १२५ गाठला की ‘मायनर’, १६५ गाठला की ‘मेजर’. मेजरवाल्याला ‘सी’चे ४ आणि ‘डी’चे २ गुण मिळतात, मायनरवाल्याला ३ आणि १. म्हणजे जोरदार झटका सोसणाऱ्याला थोड्या चुकीची माफी आहे. गोळी लक्ष्यावर लागलीच नाही तर मिळायचे गुण तर जातातच, वर १० कापले जातात. शेवटी एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. येतो तो हिट फॅक्टर.

या भागाकारातच खेळाचा जीव आहे. सोळा लक्ष्यं, प्रत्येकावर दोन, म्हणजे ३२ गोळ्या. सगळ्या ‘ए’मध्ये लागल्या तर १६० गुण. वीस सेकंदांत संपवलं तर हिट फॅक्टर ८. याचा अर्थ त्या स्टेजवर एका सेकंदाची किंमत साधारण ८ गुण. आता एका जागी उभं राहून मॅगझिन बदलायला दीड सेकंद गेला, तर १२ गुण गेले. मायनरमध्ये सहा गोळ्या ‘सी’त गेल्या असत्या तरी इतकंच नुकसान झालं असतं. पण तेच मॅगझिन एका खिडकीकडून दुसरीकडे जाताना, पावलांच्या आत बदललं, तर खर्च जवळजवळ शून्य. चालायचं तर होतंच. म्हणून त्या तालमीत डावा हात पट्ट्याकडे कुठे जातो ते बघावं. नेमबाजाची जात तिथे कळते.

मॅगझिन बदलायची ही जागा ठरवते ती डिव्हिजन. डिव्हिजन म्हणजे कुस्तीतल्या वजनगटासारखी वाटणी, फक्त वजन माणसाचं नाही, साहित्याचं. सुरुवातीला सगळे एकत्रच खेळत. १९९०मध्ये ॲडलेडच्या जागतिक स्पर्धेत डग कोनिग लाल ठिपक्याची दुर्बीण लावलेलं पिस्तूल घेऊन विजेता झाला आणि नळीच्या टोकावरच्या साध्या माशीवर नेम धरणाऱ्यांना त्याच्याशी बरोबरी करणं कठीण झालं. ज्यांना साध्या पिस्तुलाने खेळायचं होतं त्यांच्यासाठी वेगळा गट लागणारच होता. ‘ओपन’ आणि ‘लिमिटेड’ ही वाटणी त्यातून आली. पुढे १९९४ ते २००४ अमेरिकेत नव्या मॅगझिनवर १० गोळ्यांची केंद्रीय मर्यादा होती. ‘लिमिटेड-१०’ नावाची डिव्हिजन त्या दहा गोळ्यांच्या जगाचंच अपत्य. केंद्रीय कायदा गेला, पण कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत १०ची मर्यादा आहे, कॅनडातही आहे. तेव्हा डिव्हिजन निवडणाऱ्याने आधी राहत्या राज्याचा कायदा बघावा, मग दुकान. ‘प्रॉडक्शन’मध्ये पूर्वी सगळ्यांनाच १० गोळ्या होत्या, तोवर कॅलिफोर्नियाचा नेमबाज कुठेही बरोबरीने खेळत होता. ती मर्यादा १५ झाली आणि घरी दहावरच थांबावं लागणारा माणूस त्या डिव्हिजनमध्ये आपोआप मागे पडला. मला त्याचं वाईट वाटतं.

आता त्याच ३२ गोळ्यांची स्टेज वेगवेगळ्या डिव्हिजनमधून पाहू. प्रॉडक्शनवाला चेंबरमध्ये १ आणि मॅगझिनमध्ये १५ घेऊन सुरू करतो. सोळा, आणि एकदा बदलल्यावर आणखी पंधरा. एकतीस. एक कमी! दहा गोळ्यांच्या मॅगझिनचा हिशेबही तसाच: अकरा, दहा, दहा, पुन्हा एकतीस. एकही गोळी वाया न घालवता खेळलं तरी शेवटच्या एका गोळीसाठी आणखी एक मॅगझिन लागणारच. त्यामुळे तो बदल नाइलाजाने शेवटी करण्यापेक्षा मध्ये, चालताना, सोयीच्या जागी करावा. हे ज्याच्या लक्षात येतं त्याला डिव्हिजन कळली. ‘कॅरी ऑप्टिक्स’मध्ये ठिपक्याची काच चालते, काडतूस सगळ्यांचं मायनरच धरतात, आणि मॅगझिनची मर्यादा गोळ्यांत नाही तर लांबीत आहे: १४१.२५ मिलिमीटर. तेवढ्यात ९ मिलिमीटरच्या तेवीसएक गोळ्या बसतात. एक बदल पुरतो आणि तो कुठे करायचा याला भरपूर मोकळीक असते. ओपनमध्ये लांबी १७१.२५ मिलिमीटर, गोळ्या एकोणतीसच्या आसपास. ३२च्या स्टेजवर त्यालाही दोन कमीच पडतात, पण २८च्या स्टेजवर तो मॅगझिनला हातच लावत नाही. लिमिटेडमध्ये लांबी पुन्हा १४१.२५, पण मेजर हवं असेल तर काडतूस किमान .४०चं. ते जाड, म्हणून मॅगझिनमध्ये वीसेक मावतात.

माझा जीव मात्र ‘सिंगल स्टॅक’मध्ये अडकतो. जॉन ब्राउनिंगच्या १९११ घराण्याची, एका रांगेच्या मॅगझिनची पिस्तुलं. मेजरला ८ गोळ्या, मायनरला १०. यूएसपीएसएच्या नियमानुसार कुठल्याही एका जागेवरून ८पेक्षा जास्त गोळ्यांची गरज पडेल अशी स्टेज साधारणपणे रचता येत नाही. म्हणजे आठवाल्याला प्रत्येक जागा जेमतेम पुरते, पण लोखंडी लक्ष्य एका गोळीत पडलं नाही की हिशेब कोलमडला. मेजर घेऊन ‘सी’ची माफी मिळवायची, की मायनर घेऊन दोन गोळ्या जास्त बाळगायच्या? या एका प्रश्नावर मी माणसांना जेवण थंड होईपर्यंत वाद घालताना पाहिलंय. माझं उत्तर: ज्याच्या गोळ्या बहुतेक ‘ए’मध्येच जातात त्याला मेजरचा फायदा थोडाच, त्याने दहा घ्याव्यात.

नवख्याला मी प्रॉडक्शन सांगतो. पिस्तूल कारखान्यातून आलं तसं जवळपास चालतं: ग्लॉक, सीझेड, जे हाताला बसेल ते. आणि कमी गोळ्यांमुळे स्टेज वाचायची सवय लागते. तेवीस गोळ्यांनी सुरुवात केलेल्याला ती सवय लावायला कुणी भाग पाडत नाही. एक अपवाद मनापासून करतो. चाळिशी उलटली की माशी पुसट दिसू लागते. जवळची माशी आणि दूरचं लक्ष्य दोन्ही स्वच्छ दिसेनात, तर कॅरी ऑप्टिक्सकडे जावं. ठिपका लक्ष्यावरच दिसतो, डोळ्याला दोन अंतरांत झगडावं लागत नाही. त्यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही. आणि आपल्या क्लबात कुठल्या डिव्हिजनमध्ये किती माणसं आहेत तेही बघावं. ओस पडलेल्या डिव्हिजनमधल्या पहिल्या नंबरातून शिकायला काहीच मिळत नाही.

हिशेब चुकण्याचा अनुभव माझाही आहे. प्रॉडक्शनमधल्या दहा गोळ्यांच्या काळातली गोष्ट. चेंबरमध्ये जादा गोळी घेण्यासाठी नेमबाज एक वेगळं मॅगझिन बाळगतात, त्याला ‘बार्नी’ म्हणतात. त्यातली एक गोळी चेंबरमध्ये घ्यायची, ते काढून खिशात टाकायचं आणि पूर्ण भरलेलं मॅगझिन लावायचं. मी त्या दिवशी सरळ भरलेलंच लावलं, स्लाइड सोडली आणि तसाच उभा राहिलो. अकराऐवजी दहा. माझी आखणी होती: पहिल्या जागेवर आठ, पुढच्या दारात तीन, मग चालताना बदल. अकराव्या गोळीला चाप ओढला तर काहीच नाही, स्लाइड मागे अडकलेली. मग दारात उभ्यानेच मॅगझिन बदललं. त्या स्टेजवर मी सगळ्यांत जवळचं लक्ष्य गमावलं नाही, लांबचंही नाही. गमावले ते दोन सेकंद.

मॅगझिनची निवड म्हणजे नुसती संख्या नव्हे. पिस्तूल अडकतं तेव्हा दोष बहुधा पिस्तुलाचा नसतो, मॅगझिनचा असतो. आत एक स्प्रिंग, तिच्यावर गोळ्यांना वर ढकलणारा फॉलोअर, तोंडाशी गोळी धरून ठेवणाऱ्या दोन पत्र्याच्या कडा, त्यांना फीड लिप्स म्हणतात. भरलेलं मॅगझिन पुन्हा पुन्हा खडीवर आपटून त्या कडा फाकतात आणि गोळी तिरकी वर येते. २०११ म्हणजे १९११चाच दोन रांगांच्या मॅगझिनचा अवतार; त्याचे शौकीन म्हणून या कडांमधलं अंतर मोजायला कॅलिपर जवळ ठेवतात. ग्लॉकचं साधं मॅगझिन पंचवीस-तीस डॉलरला मिळतं, २०११चं जुळवून घेतलेलं शंभराच्या पुढे जातं. त्यामुळे स्वस्त वाटलेलं पिस्तूल सहा मॅगझिन घेताना महाग पडतं आणि उलटही होतं. क्षमता वाढवायला तळाशी मोठा बेस पॅड बसवतात. पण त्याने स्प्रिंगवरचा ताण बदलतो, म्हणून नवी, जास्त वेटोळ्यांची स्प्रिंगही घ्यावी लागते. हा खर्च टाळणारे शेवटच्या दोन गोळ्यांना अडखळतात. काठोकाठ भरलेलं मॅगझिन बंद स्लाइडखाली नीट बसतं का, हेही घरी रिकाम्या खोलीत नाही, रेंजवर तपासायचं. बसत नसेल तर एक गोळी कमी भरायची आणि हिशेबही तसाच धरायचा.

सरावाची मॅगझिन वेगळी, स्पर्धेची वेगळी, हा नियम मी कुणी सांगितल्याशिवाय मोडत नाही आणि मोडायला मला अजून कुणी सांगितलेलं नाही. प्रत्येकाच्या तळावर रंगाने आकडा घालायचा. अडकलं की त्याचा नंबर वहीत. दोनदा आला की ते सरावाच्या पिशवीत, कितीही महाग असो. संध्याकाळी घरी आल्यावर सगळी उघडायची, लांब ब्रश आतून फिरवायचा, फडक्याने कोरडी पुसायची. तेल अजिबात नाही. तेलाला वाळू चिकटते आणि फॉलोअर वर यायला कुरकुरतो. मग स्प्रिंगा परत भरायच्या, आकड्यांच्या क्रमाने ओळीत मांडायच्या. माझ्या ओळीत गेले सहा महिने तीन नंबर नाही. दोन आणि चारच्या मध्ये मी अजून तेवढी जागा सोडतो.