तुग्यानीचा तांब्या

जुन्या हैदराबादेत पुरानापुलाजवळ दर गुरुवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. नाव अर्थातच जुमेरात बाजार. बंद पडलेली घड्याळे, फुटकी झुंबरे, जोडीतला एकच बूट, पितळी कंदील, कुणाच्या तरी लग्नाचा फ्रेम केलेला फोटो... जे म्हणाल ते रस्त्यावर मांडलेले असते. आम्हा नांदेडकडच्या माणसांना हैदराबाद म्हणजे मोठा दवाखाना, मोत्यांची खरेदी आणि सालारजंग म्युझियम. मला मात्र कित्येक वर्षांपासून हा बाजारच ओढून नेतो. त्यावरून घरात बोलणी खावी लागतात, ते वेगळेच.

अशाच एका गुरुवारी एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे पितळेचा तांब्या दिसला. बुडाला पोचा आलेला, आतून वाळलेल्या गाळाचा जाड थर. किंमत विचारली तर तीनशे म्हणाला. मी ठेवून दिला. दोन पावले पुढे गेले तोच मागून आवाज आला, "अम्मा, तुग्यानी का माल है ये. नदी में से निकला."

मी मागे फिरले. एवढ्यात तीनशेचे आठशे झाले होते. आणि खरे सांगते, घासाघीस न करता मी तो घेतला.

तुग्यानी म्हणजे मुसी नदीचा महापूर. २८ सप्टेंबर १९०८ चा. आदल्या दिवसापासून पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. वरच्या अंगाचे शेकडो तलाव एकापाठोपाठ एक फुटले आणि ते सगळे पाणी शहरात घुसले. सुमारे १५ हजार माणसे गेली असे सांगतात. अफजलगंजचा दवाखाना वाहून गेला. आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात जे चिंचेचे जुने झाड आहे, त्यावर चढून दीडशे माणसे वाचली. चारशे वर्षांपूर्वीचा पुरानापूल मात्र टिकला. त्याच पुलाच्या सावलीत हा बाजार भरतो!

सहावे निजाम महबूब अली पाशा यांनी नदीकाठी येऊन तिची पूजा केली, मग पाणी उतरले, अशी आख्यायिका आहे. पुढे १९०९ मध्ये विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणे उभी राहिली. म्हणजे ज्या गंडीपेटच्या पाण्याचे हैदराबादी माणूस इतके कौतुक करतो, ते पाणीही या पुरामागूनच आले. अमजद हैदराबादी हे उर्दूतले रुबाईसाठी नावाजलेले कवी. त्यांची आई, बायको आणि लहान मुलगी या पुरात गेली. ते स्वतः वाचले आणि नंतर पन्नासेक वर्षे जगले.

हे सगळे मला ठाऊक होते. म्हणूनच तर तांब्याची किंमत वाढली तशी माझी इच्छाही वाढली. तांब्या तोच, पितळ तेच. पाच मिनिटांपूर्वी तो मला नको होता. त्यात कुणीतरी बुडाले असावे, असे कळताच तो हवासा झाला. रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये मांडीवर तो तांब्या घेऊन बसले होते, तेव्हा पहिल्यांदा माझी मलाच भीती वाटली.

माझ्याकडे या पुराची दोन पोस्टकार्डेही आहेत. हो, पुराची पोस्टकार्डे छापली गेली होती! पडलेली घरे, विटांचे ढीग आणि त्यांच्या कडेला कॅमेऱ्याकडे बघत उभी असलेली माणसे. त्यांच्या घरचे कोण गेले असेल, हे फोटोवरून कळत नाही. पण मी भिंग घेऊन त्यांचे चेहरे न्याहाळले आहेत.

जगात हा नाद मोठ्या पैशाचा आहे. टायटॅनिक बुडताना जो बँडमास्तर अखेरपर्यंत वाजवत राहिला, त्या वॉलेस हार्टलीचे व्हायोलिन २०१३ मध्ये इंग्लंडात नऊ लाख पौंडांना गेले. ते खरे की खोटे हे ठरवायला सात वर्षे तपासण्या चालल्या. त्याच बोटीवरच्या धनाढ्य ॲस्टरचे सोन्याचे घड्याळ २०२४ मध्ये पावणेबारा लाख पौंडांना विकले गेले. ते त्याच्या प्रेताबरोबर सापडले होते.

परदेशातल्या या गोष्टी वाचून आपण "काय लोक आहेत!" म्हणतो. मीही म्हणायचे. पण एकदा पाळी माझ्यावर आली.

आमच्या घरी आजीची एक किल्ली आहे. वीतभर लांब, लोखंडी. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने आमची माणसे रातोरात पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. आजीने घराला कुलूप घातले आणि किल्ली कनवटीला लावली. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामाची राजवट संपली, माणसे परत आली. घर जळाले होते. कुलूप कुठले शोधणार? पण किल्ली आजीने मरेपर्यंत टाकली नाही. देवघराच्या खणात असायची.

हैदराबादेत माझ्या ओळखीचे एक गृहस्थ निजामकालीन पदके आणि कागदपत्रे जमवतात. बोलता बोलता मी त्यांना किल्लीचे सांगितले, तर त्यांचे डोळे चमकले. "त्या काळातल्या वस्तूंना आता चांगला भाव आहे," ते म्हणाले. "सोबत एखादा कागद, घराचा फोटो? आजींचे बोलणे कुणी टेप करून ठेवले होते का? तेवढे असते तर दुप्पट देईन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठूनच आले. रिक्षात बसल्यावर आठवले, की मीही त्या म्हाताऱ्याला हेच विचारायला निघाले होते. तांब्या कुणाचा, कुठल्या मोहल्ल्यातला, कुणी काढला, कागद आहे का?

तरी गेलेच. त्याला विचारले, "चाचा, वो लोटा किसका था?"

तो हसला. "पानी में बह गया सो किसका होता, अम्मा?"

मग त्याने विचारले, तुम्ही कुठल्या. नांदेड म्हटल्यावर तो जरा थांबला. "हमारा घर उस्मानाबाद के बाजू था. पुलिस ॲक्शन के बाद दादी बच्चों को लेके इधर आगई." एवढेच बोलून तो पितळी नळ पुसू लागला.

आपल्याकडे १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, ते व्हायलाच हवे. त्यानंतरच्या आठवड्यांत आपल्याच जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर काय गुदरले, ते मात्र फारसे बोलले जात नाही. पंडित सुंदरलाल समितीने गावोगाव फिरून अहवाल दिला. किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद आणि नांदेड ही सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत होती. तो अहवाल कित्येक वर्षे दडपून ठेवलेला होता.

हे सगळे डोक्यात असताना माझ्या जिभेवर काय आले असेल? "तुमच्या दादीने येताना काही सोबत आणले होते का?" शब्द ओठांपर्यंत आले होते. कसेबसे गिळले.

भोपाळमध्ये वायुकांडग्रस्तांच्या वस्तूंचे एक संग्रहालय २०१४ मध्ये सुरू झाले. अमृतसरला फाळणीचे संग्रहालय आहे. तिथे त्या त्या घरांतल्या माणसांनी स्वतःहून वस्तू दिल्या आहेत, नावागावासकट. तिथे उभे राहिले तर इतके अपराधी वाटणार नाही, असे मला वाटते. माझ्या तांब्याला मात्र नाव नाही, गाव नाही. तो पुरातला आहे याला त्या म्हाताऱ्याच्या शब्दाखेरीज पुरावाही नाही. आतला गाळ हाच काय तो पुरावा. म्हणून मी तो कपाटात, जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवला होता. कुणी हात लावू नये अशी सक्त ताकीद होती.

दिवाळीच्या आधी घर आवरताना आईला तो सापडला. संध्याकाळी मी घरी आले तर तांब्या ओट्यावर पालथा घातलेला, नुसता लखलखत होता. आईने चिंच आणि मिठाने तासभर घासला होता.

"किती घाण साचली होती गं आत," आई म्हणाली. "पण भांडे चांगले आहे. पोचा तेवढा काढून आण."