चरबी जाते कुठे?

वजन उतरलं की अंगावरची चरबी नेमकी कुठे जाते? ‘घामातून’, असं बहुतेकांना वाटतं. खरं उत्तर थक्क करणारं आहे. ती हवेत जाते! ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ मध्ये हा हिशेब मांडला. १० किलो चरबी जळली, तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासावाटे निघून जाते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. परभणीत पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर भरभर चालणारी बाई आपली चरबी श्वासागणिक वाऱ्यावर सोडत असते.

मुद्दाम धापा टाकून मात्र काही होत नाही. चरबी आधी शरीरात जळावी लागते, आणि ते काम धिमं आहे. ७० किलोचा माणूस साधारण दिवसात सुमारे २०० ग्रॅम कार्बन श्वासातून टाकतो, त्यातलाही बराचसा रोजच्या जेवणातलाच. त्यात वजन घटू लागलं की भूक वाढते, शरीर ऊर्जा जपून वापरू लागतं. अशा वेळी पेशंटला ‘तुमचा निश्चयच कच्चा’ म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.

म्हणून डॉक्टरांनी ८० किलोच्या पेशंटशी आधी ४ किलो घटवण्याचंच बोलावं. एवढ्यानेही साखर आणि रक्तदाब सुधारू लागतात. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ चा अभ्यास तर आणखी नवलाचा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार आणि चालणं सांभाळलं. वजन फारसं हललं नाही, तरी मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला.

यासाठी परभणीकरांनी महागडे ओट्स कशाला आणावेत? इथल्याच विद्यापीठाची, लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी २०१८ पासून आहे. तीही मोजूनच खायची हे खरं. तीनऐवजी दोन भाकरी, वाटीभर जास्त वरण, मेथीची भाजी, काकडी, आणि फोडणीत तेल हात राखून.

काटा अडला तर कमरेला टेप लावून पाहावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत हवी. कारण वजनाचा आकडा सगळं सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२.