खापर कार्ड रीडरवर

पार्ल्यात कॅमेऱ्याला काम कमी नाही. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहातली स्नेहसंमेलनं, टिळक मंदिरातली व्याख्यानं, लग्नं, मुंजी, कॉलेजच्या पोरांच्या शॉर्टफिल्म. शूट संपलं की कार्ड लॅपटॉपला लागतं आणि दहा मिनिटांत कुणीतरी वैतागून म्हणतं, ‘‘हा रीडर बेकार आहे.’’ असेलही. पण बऱ्याचदा दोष दुसरीकडेच असतो.

‘कार्डवर १७० एमबी लिहिलंय, मग एवढा वेळ का?’ हा सगळ्यात चिवट गैरसमज. एक तर तो आकडा वाचण्याच्या कमाल वेगाचा; कॅमेरा कार्डवर लिहितो त्या वेगाशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी व्ही-३० सारखी खूण पाहायची, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी. दुसरं, यूएचएस-१ प्रकाराची प्रमाणित मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे. त्यापुढचा वेग कंपन्या स्वतःच्या युक्तीनं काढतात आणि ती युक्ती कळणारा रीडर लागतो. साध्या रीडरमध्ये तेच कार्ड नव्वदच्या आसपास थांबतं. यूएचएस-२ कार्डाच्या पाठीवर पिनांची दुसरी ओळ असते. रीडरमध्ये ती नसेल तर महागडं कार्डही यूएचएस-१ सारखंच चालतं.

मग पोर्ट. यूएसबी २ चा वेग कागदावर ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. हातात पडतात पस्तीस-चाळीस. हिशोब करून पाहा. १०० मेगाबिटनं फोर-के शूट केलं तर तासाला ४५ जीबी होतात. अडीच तासांचं संमेलन ११२ जीबींच्या घरात जातं. यूएसबी २ वर त्याला पाऊण तास ते तासभर लागेल, यूएसबी ३ वर वीसेक मिनिटं. अर्थात समोरची हार्ड डिस्क तेवढ्या वेगानं लिहून घेणारी असेल तर! जुन्या पेन ड्राइव्हवर उतरवत असाल तर रीडर बदलून काही होणार नाही.

‘रीडरपेक्षा कॅमेराच केबलनं जोडलेला बरा’ असंही ऐकू येतं. अनेक कॅमेऱ्यांचा पोर्ट यूएसबी २ च असतो, शिवाय कॉपी होईपर्यंत बॅटरी जळत राहते. आणि कॉपी केल्यानं दर्जा उतरत नाही. बिट जसेच्या तसे येतात. दर्जा घालवतं ते व्हॉट्सॲप.

खरं नुकसान होतं ते वेगळ्याच घाईत. ‘व्हिडिओच्या फाइल तेवढ्या उचलायच्या, बाकी फोल्डर कचरा.’ ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट-३२ पद्धतीची असतात आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. त्यामुळे लांबलचक नाच कॅमेरा तुकड्यांत साठवतो. एव्हीसीएचडी शूटमध्ये ते तुकडे सलग आहेत ही माहिती आजूबाजूच्या फोल्डरांत असते. ते गाळले, तर एडिटिंगमध्ये सांध्यावर आवाज तुटू शकतो. म्हणून अख्खं कार्ड जसंच्या तसं उतरवायचं, तेही दोन ठिकाणी. कट-पेस्ट नाही, कॉपी. टाइमलाइनवर क्लिप चालवून बघेपर्यंत कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात जाता कामा नये.

चुकून फॉरमॅट झालंच, तर ‘गेलं सगळं’ हेही घाईचं. सहसा पुसली जाते ती फाइलींची यादी; फुटेज बरंचसं जागेवरच असतं. कार्ड लगेच बाजूला ठेवलं तर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं परत मिळण्याची चांगली शक्यता असते. त्यावर नवीन शूट केलंत तर मात्र आशा सोडा.

राहिलं कार्डाच्या कडेचं ‘लॉक’. कार्डाच्या आतल्या चिपला त्या सरकपट्टीचा पत्ताही नसतो; ती कुठे आहे हे रीडर किंवा कॅमेरा स्वतःच्या खटक्यानं बघतो. खटका बिघडलेला असेल तर लॉक केलेल्या कार्डवरही लिहिलं जातं. उलट पट्टी तुटून पडली की चांगलं कार्ड लॉक झाल्याचं सांगतं. अशा वेळी त्या खाचेवर सेलोटेपचा छोटा तुकडा लावला, की काम चालतं.