‘मी तर फॉर्मवर लिहिलं होतं’

2025 सालची आषाढी एकादशी रविवारी, 6 जुलैला आली. चार जुलैच्या सुट्टीला जोडून आल्यामुळे आमच्या मंडळाने नेहमीच्या शाळेचा हॉल घेतला आणि दिंडी, भजन व उपासाचे जेवण असा बेत ठरवला. नावनोंदणी माझ्याकडे होती. मंडळात कुणाला पेटी वाजवता येते, कुणाला शंभर माणसांचा स्वयंपाक करता येतो, तसा मला ‘फॉर्म करता येतो’ असा लौकिक आहे. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअरच लिहिते, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

भजन संपले, जेवणाची रांग लागली. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात धरून एक बाई खिचडीच्या पातेल्यापाशी आल्या आणि वाढणाऱ्या काकूंना म्हणाल्या, “काकू, ह्यात दाण्याचं कूट आहे का हो?”

“अगं, एकादशीची खिचडी! कूट नाही तर काय असणार? आमटीही दाण्याचीच आहे.”

बाईंचा चेहरा उतरला. “ह्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मी तर फॉर्मवर लिहिलं होतं.”

काकूंनी मुदपाकखान्याच्या दारावर चिकटवलेली यादी काढून आणली. दोनशेच्या वर नावे, आणि ‘ॲलर्जी’चा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा. काकूंनी ती यादी आदल्या दिवशीच वाचली होती आणि ‘यंदा कुणाला काही नाही’ म्हणून निश्चिंत झाल्या होत्या. पूर्वी फॉर्म नव्हता तेव्हा त्या घरोघरी फोन करून विचारत असत. यंदा विचारले नाही, कारण माझी यादी होती.

मुलाने केळी आणि दूध यावर एकादशी साजरी केली. आईने वेळेवर विचारले म्हणून निभावले. मला मात्र जेवण गेले नाही. घरी येऊन संगणक उघडला आणि त्या बाईंनी लिहिलेले शब्द गेले कुठे, ते शोधायला बसले. त्या रात्री जे सापडले ते आज सांगणार आहे. विषय तांत्रिक आहे, पण फॉर्म आपण सगळेच भरतो, म्हणून तो सगळ्यांचा आहे.

प्रथम, फॉर्मवरची माहिती प्रवास कशी करते ते पाहू. तुम्ही बटण दाबलेत की रकान्याचे नाव आणि त्यातला मजकूर अशा जोड्यांचे एक गाठोडे तयार होते. ‘नाव’ अमुक, ‘माणसे’ तमुक. हे गाठोडे बांधण्याची आज सर्वांत रूढ पद्धत म्हणजे जेसन. डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती 2001 च्या सुमारास पुढे आणली आणि 2013 साली तिला औपचारिक मानक मिळाले. जेसनमध्ये अक्षरमाला, आकडे, खरे-खोटे, ‘काही नाही’ दर्शवणारे नल, याद्या आणि गाठोड्यात गाठोडी एवढेच बसते. तारखेसाठी वेगळा प्रकार नाही. ती अक्षरांतच लिहावी लागते. हा साधेपणाच त्याच्या यशाचे कारण आहे.

गाठोडे पलीकडे उघडते ते बहुधा जावास्क्रिप्ट या भाषेत. ब्रेंडन आइक यांनी मे 1995 मध्ये तिचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला. ब्राउझरमधले पान चुकीमुळे बंद पडू नये, काहीतरी करून चालत राहावे, असा तिचा स्वभाव आहे. नसलेला रकाना मागितला तर ती ओरडत नाही. ‘अनडिफाइन्ड’ असे उत्तर देऊन पुढे जाते. फॉर्मच्या रकान्यातून आकडासुद्धा अक्षरांच्या रूपात येतो. त्यामुळे दोन मोठी माणसे आणि एक मूल यांची बेरीज केलीत, तर निष्काळजी आज्ञावली ‘2’ पुढे ‘1’ चिकटवून एकवीस पाने मांडते! आणि रिकाम्या अक्षरमालेचा आकडा करायला सांगितलात तर उत्तर येते शून्य. म्हणजे ‘सांगितले नाही’ याचे बिनबोभाट ‘एकही नाही’ झाले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कुणी जाणकार म्हणतील, यासाठीच तर टाइपस्क्रिप्ट आहे. 2012 साली मायक्रोसॉफ्टने आणलेली ही भाषा कोणता रकाना कोणत्या प्रकारचा आहे हे आधीच लिहून घेते आणि आज्ञावली लिहिताना चुका दाखवते. पण ती माहिती प्रत्यक्ष आज्ञावली चालताना पुसली गेलेली असते. बाहेरून आलेल्या गाठोड्याला ‘हे नोंदणीचे गाठोडे आहे’ असे टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिले, तर ते नुसते आपले म्हणणे असते. आत कुणी डोकावलेले नसते.

डोकावण्यासाठी लागतो स्कीमा. म्हणजे, आलेल्या माहितीचा आकार कसा असला पाहिजे हे लिहून ठेवलेला आराखडा. ‘नाव’ अक्षरांत हवे, ‘माणसे’ हा शून्याहून मोठा पूर्णांक हवा, वगैरे. जेसन स्कीमा या सर्वमान्य पद्धतीचा पहिला प्रस्ताव 2007 सालचा. तिची 2020 च्या डिसेंबरची आवृत्ती आज वापरात आहे. असा आराखडा वाचून तपासणी करणारी जावास्क्रिप्टमधली एजेव्ही नावाची लायब्ररी आराखड्याचेच रूपांतर तपासणाऱ्या आज्ञावलीत करते, म्हणून ती झपाट्याने काम करते. 2020 मध्ये आलेल्या झॉडची तऱ्हा वेगळी. आराखडा जावास्क्रिप्टमध्येच लिहायचा, आणि त्यावरूनच टाइपस्क्रिप्टचे प्रकारही मिळवायचे. दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहून त्या एकमेकींपासून फटकून राहण्याचा धोका त्यामुळे कमी होतो.

सोप्या भाषेत, स्कीमा म्हणजे विमानतळावरचा कस्टमचा माणूस. भारतातून येताना आपली बॅग तो उघडतो, कागदाशी ताडून पाहतो आणि मग शिक्का मारतो. तो हवाच. प्रश्न असा, की कागदावर नसलेली वस्तू बॅगेत सापडली तर त्याने काय करावे? तीनच गोष्टी शक्य आहेत. दुर्लक्ष करून जाऊ द्यावी, अडवून विचारावे, किंवा वस्तू काढून घ्यावी आणि बॅगेवर ‘ठीक’ असा शिक्का मारावा.

जेसन स्कीमामध्ये तुम्ही काही सांगितले नाहीत तर पहिला मार्ग धरला जातो: जास्तीचे रकाने चालतात. झॉडच्या साध्या आराखड्यात तिसरा: जास्तीचे रकाने गळतात. दोन्हींत वेगळे सांगण्याची सोय आहे आणि ते स्पष्ट लिहिलेलेही आहे. आणखी एक बारकावा. जेसन स्कीमात रकान्याचे वर्णन केले म्हणजे तो सक्तीचा होत नाही. सक्तीच्या रकान्यांची यादी निराळी द्यावी लागते. नवखे हमखास इथे ठेचकाळतात.

मी नवखी नव्हते, तरी ठेचकाळले. पहिल्या फॉर्ममध्ये ‘ॲलर्जी’ असा एकच रकाना होता आणि आराखड्यात तो ऐच्छिक होता. मे महिन्यात एका उत्साही स्वयंसेवकाने फॉर्म सुधारला. एकापेक्षा जास्त गोष्टी निवडता याव्यात म्हणून त्याने यादी केली आणि रकान्याचे नाव अनेकवचनी, ‘ॲलर्जीज’ असे ठेवले. सुधारणा चांगलीच होती, आणि त्याने मला सांगितलेही होते. आराखडा बदलायचे मी विसरले. मग काय झाले? ‘ॲलर्जी’ आली नाही. ती ऐच्छिक, म्हणून तक्रार नाही. ‘ॲलर्जीज’ आली, ती अनोळखी, म्हणून गाळली, कारण गाळावे असेच मी ठरवून ठेवले होते. सगळी गाठोडी तपासणीत पास झाली. एका अक्षराचा फरक, आणि त्या आईने लिहिलेले वाक्य आमच्या दारातच कचऱ्यात गेले.

गाळण्याची सोय मूर्खपणाची आहे असे मात्र समजू नका. एखाद्या खोडकराने गाठोड्यात ‘हा व्यवस्थापक आहे’ असा रकाना घुसवला आणि आज्ञावलीने तो जसाच्या तसा साठवला, तर पंचाईत होईल. अनोळखी गोष्ट आत जाऊ न देणे योग्यच. चूक होती ती गुपचूप गाळण्यात.

हा वाद तसा जुना आहे. इंटरनेटचे एक शिल्पकार जॉन पोस्टेल यांनी 1980 साली एक तत्त्व लिहून ठेवले. त्याचा भावार्थ असा की, स्वतः बोलताना काटेकोर राहा, दुसऱ्याचे ऐकताना उदार राहा. सुसंस्कृत माणसाला शोभेल असेच ते आहे, आणि त्या उदारतेमुळे नाना तऱ्हेची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली. पण 2023 साली इंटरनेटच्या मानकांच्या परिवारातूनच एक दस्तऐवज निघाला. चुका पोटात घालत गेले की त्या कळत नाहीत, रुजतात आणि पुढे काढणे अवघड होते, असा त्याचा रोख आहे. माझ्या आराखड्याने चूक पोटात घातली होती. तो ओरडला असता तर मे महिन्यातल्या पहिल्याच नोंदणीला मला कळले असते.

मग दुसऱ्याच दिवशी मी सगळे कडक करून टाकले आणि नवी फजिती ओढवून घेतली. नावात फक्त अक्षरे असावीत असा नियम घातला. देवनागरी चालावी म्हणून जगातल्या सर्व लिप्यांची अक्षरे त्यात धरली. तरी ‘कमल’ हे नाव पास आणि ‘किरण’ नापास! कारण युनिकोडच्या हिशेबी ‘क’ हे अक्षर आहे, पण वेलांटी, काना, मात्रा, अनुस्वार यांचा वर्ग निराळा, ‘चिन्हां’चा. तो वर्ग नियमात वेगळा घालावा लागतो. हे मला, जन्मभर मराठी लिहिणाऱ्या बाईला, तोपर्यंत ठाऊक नव्हते. नियम लिहिणाऱ्याने जेवढे जग पाहिले असेल तेवढेच त्याच्या आराखड्यात मावते. फोन दहा आकडीच हवा म्हटले की भारतातून मुलाकडे आलेल्या आजोबांनी देशाच्या कोडसह लिहिलेला नंबर बाद. आडनाव सक्तीचे केले की एकच नाव लावणारे दाक्षिणात्य जावईबापू बाहेर.

आणि कितीही चांगला आराखडा असला तरी तो आकार तपासतो, सत्य नव्हे. माझी डॉक्टरेट यंत्र अभियांत्रिकीतली. तिथे आकड्याआधी एकक विचारायची शिस्त लावतात. 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळावर पाठवलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान हरवले. एक आज्ञावली धक्क्याचे माप पौंड-सेकंदांत देत होती, दुसरी तेच न्यूटन-सेकंद समजत होती. आकडा हा आकडाच होता. ‘इथे आकडा हवा’ एवढेच म्हणणाऱ्या कुठल्याही आराखड्याने त्याला पास केले असते. तेव्हा एकक रकान्याच्या नावातच लिहावे, आणि शक्य असेल तिथे माणसाकडून खात्री करून घ्यावी.

शेवटी मी काय बदलले ते सांगते. फॉर्म आणि पलीकडची आज्ञावली दोन्ही आता एकच आराखडा वापरतात. एकीकडे नाव बदलले की दुसरीकडे आपोआप बदलते. अनोळखी रकाना आला तर नोंदणी थांबते, मला निरोप येतो आणि भरणाऱ्याला मराठीत कळते की काय अडले. नोंदणी झाल्यावर जाणाऱ्या ईमेलमध्ये आम्ही काय साठवले ते जसेच्या तसे असते. त्या बाईंना हे मे महिन्यात मिळाले असते तर ॲलर्जीची ओळ गायब आहे हे त्यांच्याच लक्षात आले असते.

सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र अगदी लहान आहे. ‘ॲलर्जी’ आता ऐच्छिक नाही. ‘काही नाही’ असे म्हणायचे असेल तर तसे निवडावे लागते. यादीत कोरी जागा येऊच शकत नाही. तिथे ॲलर्जीचे नाव तरी असते, ‘काही नाही’ तरी असते, किंवा जुन्या कागदी नोंदींच्या पुढे ‘विचारलेले नाही’ असते. न सांगणे आणि ‘नाही’ सांगणे यांत किती अंतर आहे, हे घरातल्या बायकांना कुणी शिकवावे लागत नाही. संगणकाला मात्र ते लिहूनच द्यावे लागते. मी लिहिले नव्हते, म्हणून त्याने दोन्ही एकाच कोऱ्या चौकोनात घातले आणि काकूंनी तो चौकोन ‘नाही’ असा वाचला. त्यांची काही चूक नव्हती.

पुढच्या कार्यक्रमाची यादी मी काकूंना दिली तेव्हा त्यात तीन ठिकाणी ‘विचारलेले नाही’ होते. काकूंनी चष्मा वर केला, यादी घडी घालून पदराला खोचली आणि फोन उचलला.