गाजरगवत : पिकाचा वैरी, हातांचाही वैरी

पावसाच्या दोन सरी पडल्या की वस्तीच्या कडेला, रुळांलगत, बांधावर गाजरासारख्या पानांचे, पांढऱ्या बारीक फुलांचे झाड वर येते. कुणी त्याला गाजरगवत म्हणते, कुणी काँग्रेस गवत, कुणी चटकचांदणी. हे मूळचे आपल्याकडचे नव्हे, मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचे. १९५५ साली ते पुण्यात प्रथम नजरेस आले. अमेरिकेच्या गव्हातून त्याचे बी आले, असे मानले जाते.

कोणतेही तण पिकाच्या तोंडचे पाणी आणि खत पळवते. हे गवत त्यापुढे जाते. त्याच्या अंगात पार्थेनिन नावाचे विष असते. पावसाने ते पानांवरून धुपते, मुळांतून पाझरते, कुजलेल्या पाल्यातून मातीत उतरते. मग शेजारचे बी नीट उगवत नाही, उगवले तर मुळे खुरटतात. कडधान्याच्या मुळांवर नत्र साठवणाऱ्या गाठी असतात, त्याही कमी धरतात. याचे पराग मिरची, टोमॅटो, वांग्याच्या फुलांवर पडले तर फळधारणा घटते. एका वनस्पतीने रसायने सोडून दुसरीवर परिणाम करावा, याला हान्स मोलिश या शास्त्रज्ञाने १९३७ साली ‘अॅलेलोपथी’ असे नाव दिले.

हेच विष माणसालाही बाधते. रोजाने खुरपायला जाणाऱ्या आपल्या माय-बहिणींच्या हातांना, मानेला, पापण्यांना खाज सुटते, कातडी जाड व काळी पडते. परागाने काहींना दमाही लागतो. पिकाचे नुकसान मालक मोजतो. या हातांचे नुकसान कोण मोजणार?

म्हणून आम्ही सांगतो ते घरात वाचून दाखवा. गवत फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. एकेक झाड हजारो बिया टाकते, फुलल्यावर उशीर होतो. उघड्या हाताने उपटू नका. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा, नाकाला फडके लावा, काम संपताच हातपाय साबणाने धुवा. न फुललेले गवत खड्ड्यात कुजवले तर खत होते. पडीक जागेत टाकळ्याचे बी फेका, तो याला दाबतो. पानांवर काळ्या रेघांचे भुंगेरे दिसले तर मारू नका. हे गवत खाण्यासाठीच मेक्सिकोतून आणून १९८४ साली बंगळूरला ते सोडले गेले.

खाज बरी होत नसेल तर झाडपाला लावत बसू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा. आणि मुकादमाकडे हातमोजे मागा. ही भीक नव्हे, कष्टाचा हक्क आहे.