नववीतल्या पोरीचं कोण ऐकतं?

कापसाची वेचणी सरत आली, संध्याकाळी हाताला थोडी उसंत आहे. तेव्हा आज हप्ते आणि वसुली बाजूला ठेवू आणि एका पुस्तकाबद्दल बोलू.

पुस्तकाचं नाव ‘शाळा’, लेखक मिलिंद बोकील. आपल्या विदर्भातल्या गडचिरोलीच्या मेंढा गावावर ‘गोष्ट मेंढा गावाची’ लिहिणारे ते हेच. ‘शाळा’ कादंबरी २००४ साली आली. २०१२ मध्ये तिच्यावरचा सिनेमाही लागला होता.

गोष्ट १९७५ च्या आणीबाणीच्या काळातली. नववीतला मुकुंद जोशी ती स्वतः सांगतो. सुऱ्या, चित्रे आणि फावड्या हे त्याचे जिवलग मित्र. या पोरांचं एक वेगळंच जग आहे. तिथं मोठ्या माणसांना प्रवेश नाही. मास्तरांच्या नकला, अभ्यासाचा धाक, थोडा वात्रटपणा आणि एकमेकांसाठी जीव टाकणं, असं सगळं त्यात आहे. मुकुंदला वर्गातली शिरोडकर नावाची मुलगी आवडते. वर्ष संपतं तेव्हा शिरोडकर गाव सोडून गेलेली असते, मित्रही पांगतात, आणि मुकुंद एकटा दहावीत जातो.

आम्ही गटाच्या बैठकीत याचे काही भाग मोठ्यानं वाचले. वाचायला दहावीतली एक मुलगी बसली होती. पोरांच्या तोंडच्या शिव्या आल्या तशी एक काकू म्हणाली, “हे काय वाचून राहिली व माय?” सगळ्या हसल्या. पण पुढं पुढं हसू कमी झालं.

कारण गोष्ट मुलगा सांगतो. शिरोडकर आपल्याला दिसते ती त्याच्या डोळ्यांतून. तिच्या मनात काय होतं, घरी तिला कोण काय बोललं, हे तिच्या तोंडून कुठंच येत नाही. ती जागा आपण बायांनी आपल्या अनुभवानं भरली. एक ताई म्हणाली, “माझ्याबद्दल गावात कोणीतरी काही बोललं, अन् दुसऱ्या दिवशी माझं दप्तर माळ्यावर गेलं. मला कोणी विचारलंच नाही.” तिचं लग्न सोळाव्या वर्षी झालं.

नववी हे वळणच अवघड आहे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. म्हणजे साधारण आठवीनंतर कायद्याचा हात सुटतो. बऱ्याच गावांतली शाळाही तोवर संपते. पुढं तालुक्याला किंवा मोठ्या गावाला जावं लागतं. मुलींसाठी एसटीचा मोफत पास आहे, काही तालुक्यांत मानव विकासची बस आणि सायकल आहे. सोय आहे, पण घरातून पाय निघाला पाहिजे ना! पोरगी एकटी बसमध्ये बसते, नव्या मैत्रिणी करते, कधी एखाद्या मुलाशी बोलते. याचीच आपल्याला भीती वाटते. भीती खोटी नाही. पण तिच्यावर शाळा सोडवणं हा इलाज नाही. मुलगा चुकला तर त्याला रागावतात, आणि मुलीचं मात्र शिक्षणच थांबवतात.

या पुस्तकात मुकुंदचा एक नरूमामा आहे. तो चेष्टा करतो, पण पोराशी बरोबरीनं बोलतो, त्याचं ऐकून घेतो. आपल्या पोरीला असा नरूमामा आहे का? मामा नसेल तर मावशी, आत्या, गटातली एखादी ताई. आईला सांगता येत नाही ते जिला सांगता येईल, अशी एक तरी बाई प्रत्येक मुलीला हवी.

म्हणून आम्ही गटात तीन गोष्टी ठरवल्या. मुलीबद्दल काही कानावर आलं तर आधी तिलाच विचारायचं, तेही हात न उगारता. बसनं जाणाऱ्या मुलींनी जोडीनं जायचं, आणि त्यांची मैत्री आपण तोडायची नाही. आणि अठरा वर्षांच्या आत लग्न ठरतंय असं कळलं, तर गट गप्प बसणार नाही. तो कायद्यानं गुन्हाच आहे, आणि १०९८ या नंबरवर फोन करता येतो.

पुस्तक वाचनालयात मिळालं तर पुढच्या बैठकीला आणा. वाचायला मुलींना बसवा. त्या वाचतील, आपण ऐकू. निदान त्या निमित्तानं तरी त्यांचा आवाज आपल्या कानावर पडेल.