पेसमेकरला कुलूप आहे का?

गेल्या महिन्यात आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय ७२. दोनदा चक्कर येऊन पडलेले, नाडी मिनिटाला जेमतेम ३६. हृदयरोगतज्ज्ञांनी पेसमेकर बसवायला सांगितले होते, तारीखही ठरली होती. पण नातवाने मोबाइलवर दाखवले की लांब बसलेला माणूस पेसमेकर बिघडवू शकतो. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, माझ्या छातीची किल्ली परक्याच्या हाती द्यायची नाही मला."

भीती अगदीच निराधार नाही, हे मी आधी कबूल केले. पेसमेकर म्हणजे गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवलेले छोटेसे यंत्र. हृदयाचा ठोका चुकला की तारेतून विजेचा सूक्ष्म धक्का देते. त्याची गती कमी-जास्त करायची तर दर वेळी चिरफाड कशी करणार? म्हणून डॉक्टरांचे उपकरण त्याच्याशी बाहेरूनच, रेडिओलहरींनी बोलते. प्रश्न असा की समोरून बोलणारा खरोखर डॉक्टरच आहे, हे त्या यंत्राला कसे कळावे?

२००८ साली अमेरिकेतील काही संगणकतज्ज्ञ व हृदयरोगतज्ज्ञांनी पेसमेकरच्याच जातीचे, जोराचा झटका देणारे एक यंत्र प्रयोगशाळेत तपासले. त्याचे बोलणे उघड्यावर चालले होते! रुग्णाची माहिती वाचता आली, धक्का द्यायचा हुकूमही सोडता आला. मात्र हे सारे काही सेंटिमीटर अंतरावरून, आणि यंत्र टेबलावर होते, कुणाच्या छातीत नव्हते. २०११ साली जे रॅडक्लिफ या मधुमेही तज्ज्ञाने स्वतःच्याच इन्सुलिन पंपातील उणीव लास व्हेगासच्या परिषदेत दाखवली. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी तर २०१३ साली सांगितले की, पदावर असताना याच धास्तीने त्यांच्या यंत्राची बिनतारी सोय बंद करून घेतली होती.

असे दोष शोधणाऱ्यांवर लोकांना घाबरवल्याचा आरोप होतो. मला तो पटत नाही. रक्ततपासणीत साखर निघाली म्हणून कुणी प्रयोगशाळेवर चिडतो का? (काही जण चिडतात, हेही खरे!) यंत्र बनवणाऱ्यांनी कुलपाचा विचार आधीच करायला हवा होता.

शोधाचा उपयोग पाहा. २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिथल्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरसाठी सुधारित प्रणाली मंजूर केली. यंत्र काढायचे नाही. दवाखान्यात जायचे, सुमारे तीन मिनिटांत काम होते. या दोषामुळे कुणा रुग्णाला इजा झाल्याची नोंद नसल्याचेही तेव्हा प्रशासनाने सांगितले होते.

गुरुजींना मी म्हटले, "तुमच्या छातीवर कुणी टपून बसलेले नाही, ३६ ची नाडी मात्र आत्ता तुमच्या मनगटात आहे." यंत्राचे कार्ड जवळ ठेवा, बोलावतील तेव्हा तपासणीला जा, आणि सुधारणा आली आहे का हे तिथेच विचारा, एवढे बजावले.

जाताना त्यांनी मोबाइल सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवला. मी थांबवले. काही नव्या मोबाइलमध्ये लोहचुंबक असते, त्याने पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. दोहोंत निदान १५ सेंटिमीटर अंतर हवे. शस्त्रक्रिया होऊन आता तीन आठवडे झाले. परवा भेटले तेव्हा नाडी ६० होती आणि मोबाइल पिशवीत.